महासत्तांविषयी, टेबलाचा विषय न काढता

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमच्याकडेही ठीक असेल असं धरून चालतो, कारण तू स्वतः काही कळवत नाहीस आणि भावोजी फोनवर आधी हवामान सांगतात, मग पुन्हा हवामान सांगतात आणि "ठेवतो" म्हणतात. तुझ्या गुडघ्यांबद्दल मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ढगाळ आहे असं कळलं. तरी गुडघ्यांची काळजी घे, जिने कमी चढ, आणि डॉक्टरांनी दिलेला पट्टा कपाटात न ठेवता पायाला लाव.

तुझं पत्र नाही याला आता अकरा महिने झाले. शेवटचं आलं ते चार ओळींचं होतं. अर्धवट राहिलेलं बीए पुरं करायचं ठरवलं आहे, अर्ज भरला, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडली की वाढायच्या वेळी उचलावी लागतात, तर आपलं जुनं टेबल मला मिळालं तर बरं होईल. त्यावर मी तुला सहा पानी उत्तर पाठवलं. त्याला उपशीर्षकं होती. 'टेबलाचा इतिहास', 'ताबा आणि वापर', 'हलवण्यातील अडचणी' आणि शेवटी 'निष्कर्ष'. (निष्कर्षाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. हिने तेव्हाच म्हटलं होतं की बहिणीला कुणी निष्कर्ष पाठवत नाही.) तेव्हापासून तू गप्प आहेस, आणि परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे, हेही भावोजींकडून दोन ढगांच्या मध्ये कळलं. तर या पत्रात मी टेबलाचा विषय काढणार नाही. ज्या विषयानं माणूस एकदा दुखावला तो पुन्हा काढू नये एवढी अक्कल मला छप्पन्नाव्या वर्षी आली आहे. या पत्राचा विषय महासत्ता हा आहे.

झालं असं, की आमच्या कचेरीत, म्हणजे शाळेची पुस्तकं तयार होतात तिथे, आठवीच्या पुस्तकात एक नवा धडा घालायचं ठरलं. 'काही राष्ट्रे महासत्ता का होतात'. तो लिहायचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. अटी साध्या होत्या. धडा दोन पानांत बसला पाहिजे. तेरा वर्षांच्या मुलांना कळला पाहिजे. कुणाचीही मनं दुखावू नयेत म्हणून धड्यात एकाही राष्ट्राचं नाव येता कामा नये. आणि शेवटी पाच प्रश्न हवेत, ज्यांची उत्तरं धड्यात सापडतात. (राष्ट्रांची नावं न घेता राष्ट्रांविषयी लिहिणं म्हणजे काय ते तुला कळायचं असेल, तर आपल्या चुलत्यांविषयी नावं न घेता एक पान लिहून बघ.) धडा पुस्तक समितीला पसंत पडला नाही, तर मला खालच्या मजल्यावर गोदामात बसवतील अशी साहेबांनी सूचना दिली. स्पष्ट बोलले नाहीत. फक्त गोदामात हल्ली हवा बरी खेळते असं म्हणाले.

मी कामाला लागलो. आधी कारणं जमवली. समुद्रकिनारा, कोळसा, लोखंड, मोठ्या नद्या, सपाट जमीन, शिकलेली माणसं, शिस्तीचं सैन्य. एकेक कारण लिहून मी आमच्या मुद्रितशोधक बाईंकडे तपासायला दिलं. या बाई चुकीचा अनुस्वार लांबून हेरतात, म्हणून विभागात त्यांना सगळे अनुस्वारबाई म्हणतात. (समोर कुणी म्हणत नाही.) त्यांनी माझ्या समुद्रकिनाऱ्याच्या शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं, "बाकीच्या किनाऱ्यांचं काय?" कोळशाशेजारी लिहिलं, "ज्यांच्याकडे होता आणि तरी काही झालं नाही, ते?" शिस्तीच्या सैन्याशेजारी नुसतंच प्रश्नचिन्ह होतं, पण ते नेहमीपेक्षा मोठं होतं. आठ दिवसांत माझ्या सात कारणांपैकी एकही जागेवर उभं राहिलं नाही. मी हात टेकले आणि खिडकीबाहेर बघत बसलो. माझं टेबल खिडकीपाशी आहे. विभागातली सगळ्यात चांगली जागा. उजेड डावीकडून येतो, वारा येतो आणि साहेब आत येण्याआधी त्यांची छत्री दिसते. ही जागा मला कामाच्या गुणवत्तेवर मिळाली, असं मी तुला पूर्वी लिहिलं होतं. त्याबद्दल पुढे येईलच.

तर बघत बसलो असताना लक्षात आलं, की महासत्ता शोधायला इतक्या लांब जायची गरज नाही. ती आमच्या खोलीतच आहे, दाराजवळ बसते आणि दुपारी चष्मा पुसते.

हे नीट सांगायला हवं. आमच्या खोलीत टेबलं चार. साहेबांचं, चित्रकाराचं, अनुस्वारबाईंचं आणि माझं. भिंतीत प्लगच्या जागा तीन. त्यातल्या दोन मागच्या रंगकामात बुजल्या, कारण रंगाऱ्यानं त्यांच्यावरूनही दोन हात मारले. आम्ही वीज विभागाला लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, की नोंदीप्रमाणे आपल्या खोलीत तीन जागा आहेत, सबब नवी देता येत नाही. उरली एक, ती दाराशेजारी, अनुस्वारबाईंच्या पायाशी. दाराजवळची ती जागा म्हणजे खोलीतली सगळ्यात वाईट. येणाऱ्याजाणाऱ्याचं कोपर लागतं, दाराचा झोत अंगावर येतो, आणि वाट चुकलेला प्रत्येक माणूस पेन्शनचा विभाग कुठे आहे हे तिथेच विचारतो. बाई तिथे बसायला लागल्या तेव्हा त्या प्लगला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. मग विभागाला एक कॉम्प्युटर आला. मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. मग चित्रकाराला टेबलावर दिवा लागायला लागला, साहेबांना चहाची विजेची किटली लागायला लागली आणि मला पंखा. आणि बाईंनी एक दिवस घरून चार भोकांचा एक्स्टेन्शन बोर्ड आणला, भिंतीत खुपसला आणि काही न बोलता प्रुफं वाचायला लागल्या.

ताई, मी इतिहासाची एवढी पुस्तकं वाचली, पण साम्राज्य उभं राहताना पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिलं. बाईंनी काहीही मागितलं नाही. मी पंखा लावायला गेलो तेव्हा एवढंच म्हणाल्या, की लावा, पण थोडा इकडेही वळू द्या. चित्रकार दिवा लावायला गेला तेव्हा खिडकी थोडी ओढून घ्या म्हणाल्या, कागद उडतात. महिन्याभरात खिडकी कधी उघडायची हे त्यांच्याकडे बघून ठरायला लागलं. चहा चारचा साडेतीनला आला, कारण साडेतीनला किटलीसाठी भोक मोकळं असायचं. बाईंचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. पूर्वी आम्ही त्यावर हसायचो. आता सबंध विभाग सात मिनिटं आधी कामावर येतो आणि साहेबांनी भिंतीवरचं घड्याळही पुढे करून घेतलं आहे, कारण दोन वेळा ठेवून काम होत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. इतकंच नाही, तर ज्या शब्दांवर साहेबांचं आणि बाईंचं पंधरा वर्षं जमत नव्हतं ते सगळे शब्द साहेब आता बाईंच्या पद्धतीनं लिहितात. बाईंनी कधी कुणाची पिन उपसली नाही. एकदाच, चित्रकार बोर्डाला जुनाट म्हणाला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून त्याच्या दिव्याच्या पिनेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. चित्रकारानं त्या दिवशी त्यांना स्वतः पाणी आणून दिलं.

हे सगळं मी धड्यात घातलं असतं तर मी आज सुखात असतो. पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. (माहीत नसेल तर माझं सहा पानी पत्र पुन्हा काढून बघ.) मला वाटलं, महासत्ता कशी होते ते आता कळलं आहे, तर आपण का होऊ नये. मी बाजारातून आठ भोकांचा बोर्ड आणला. प्रत्येक भोकाला वेगळं बटण, प्रत्येक बटणात लाल दिवा, आणि वायर इतकी लांब की साहेबांच्या टेबलाला वळसा घालून उरेल. चित्रकाराला दोन भोकं कायमची द्यायचं कबूल करून मी आपल्या बाजूला वळवलं. आमची युती सकाळी जाहीर झाली. त्यानंतर एक बारीक अडचण लक्षात आली. माझा बोर्ड कुठेतरी खुपसावा लागणार होता, आणि खुपसायला जागा एकच होती, बाईंच्या बोर्डाचं चौथं भोक. माझं आठ भोकांचं साम्राज्य बाईंच्या एका भोकावर उभं राहिलं. बाईंनी परवानगीसुद्धा लगेच दिली. "सावकाश हं," एवढंच म्हणाल्या.

अकरा मिनिटं मी महासत्ता होतो. पंखा माझ्याकडे, दिवा माझ्याकडे, साहेबांची किटली मी स्वतः बोलावून घेतली, आणि चित्रकारानं त्या आनंदात रंग वाळवायचं गरम हवेचं यंत्र लावलं. खिडकी मी हवी तेवढी उघडली. बाराव्या मिनिटाला भिंतीतून फट् असा आवाज आला, करपल्याचा वास आला आणि आमच्या खोलीसकट सबंध मजला बंद पडला. जिन्यापलीकडच्या पेन्शन विभागातून माणसं बाहेर आली. माझा धडा कॉम्प्युटरवर अर्धा झाला होता, तो गेला, कारण मी तो जपून ठेवला नव्हता. (जपून ठेवायला एक बटण दाबावं लागतं. मी बोर्डाची आठ बटणं दाबण्यात गुंतलो होतो.) साहेबांचा वार्षिक अहवालही गेला.  गोदाम कुठे आहे ते मला आपोआप आठवलं.

वायरमन दुसऱ्या दिवशी आला. काळी पडलेली पिन हातात धरून त्यानं विचारलं, हा बोर्ड कुणाचा, नाव लिहावं लागेल. चित्रकार आपल्या ब्रशांमध्ये काहीतरी शोधायला लागला. आमची युती तिथे संपली.  तेवढ्यात अनुस्वारबाई मान वर न करता म्हणाल्या, विभागाचा आहे. वायरमननं विभागाचा असं लिहिलं आणि तो विषय मिटला.

त्या दिवशी साडेतीनला चहा नव्हता, पण आम्ही सवयीनं उठलो. मी बाईंपाशी गेलो आणि विचारलं, की तुम्ही मला का वाचवलंत. आणि धड्यासाठी विचारतो म्हणून हेही विचारलं, की या खोलीत तुमचं एवढं चालतं, ते कसं झालं. त्यांनी चष्मा पुसला आणि जे सांगितलं ते मी तुला जसंच्या तसं लिहितो.

"मी काही केलं नाही हो. मी आले तेव्हा खिडकीचं टेबल माझ्या नावावर निघालं होतं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तुम्हाला उजेड हवा होता. मी साहेबांना म्हटलं, मी दाराशी बसते. प्लग तिथे होता ते मला बसल्यावर कळलं."

 मी म्हटलं, मला हे कुणी सांगितलं नाही.

"सांगितलं होतं. तुम्ही आभारही मानलेत," त्या म्हणाल्या. "साहेबांचे."

ताई, मला वाईट वाटलं, हे सरळच लिहितो. गुणवत्तेवर मिळालेल्या जागेविषयी मी गेली कितीतरी वर्षं नव्या माणसांना चार गोष्टी सांगत आलो आहे. त्या प्रत्येक वेळी बाई माझ्यापासून सहा पावलांवर, दाराच्या झोतात बसून ऐकत होत्या आणि कुणाला तरी पेन्शनचा विभाग दाखवत होत्या.

वीज यायला आणखी दोन दिवस होते आणि समितीची तारीख त्याच्या पुढच्या दिवशी, म्हणून धडा घरी हातानं लिहायला घेतला. आता घरी मी कुठे बसून लिहितो ते तुला ठाऊक आहे, आणि त्या वस्तूचा विषय काढायचा नाही असं ठरलं आहे, म्हणून मी तिचं नाव न घेता लिहितो. (राष्ट्रांमुळे सवय झाली आहे.) तिच्यावर उजव्या बाजूला तुझ्या दौतीचा डाग अजून आहे. मी लिहीत होतो, की महासत्ता होऊ पाहणारं राष्ट्र एकदम पुढे येत नाही, रोज थोडं थोडं सरकतं. आणि उदाहरण म्हणून मला आपली खडूची रेघ आठवली. मी बारा वर्षांचा, तू कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. टेबल तुझं. मला डावीकडे एक वीतभर कोपरा होता आणि मध्ये खडूची रेघ. मी रोज माझी वही बोटभर रेघेपलीकडे सरकवायचो आणि दुसऱ्या दिवशी रेघही तेवढीच पलीकडे गेलेली असायची. वर्ष संपेपर्यंत सबंध टेबल माझं झालं आणि तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसायला लागलीस. ही गोष्ट मी चारचौघांत किती वेळा सांगितली असेल. शिक्षकांच्या शिबिरात सांगितली आहे. तुझ्या लग्नात भावोजींच्या वडिलांना सांगितली आहे. विस्तारवादाचं घरगुती उदाहरण म्हणून लोक हसायचे आणि मीही हसायचो. 'टेबलाचा इतिहास' या उपशीर्षकाखाली मी तुलाही तीच पाठवली होती.

या वेळी ती लिहिताना मात्र बाईंचं मोठं प्रश्नचिन्ह डोळ्यांपुढे आलं. वही बोटभर सरकली तर रेघ कशी सरकेल. रेघ खडूची होती. ती सरकायची तर आधी कुणाला तरी पुसावी लागणार आणि मग बोटभर पलीकडे नवी काढावी लागणार. मी ती कधी पुसली नव्हती. मला परवानगीच नव्हती. खडू तुझ्याकडे होता.

म्हणजे माझं स्कॉलरशिपचं वर्ष होतं म्हणून तू रोज सकाळी स्वतःच रेघ पुसायचीस आणि स्वतःच्या बाजूला सरकवून काढायचीस, आणि मला जिंकल्यासारखं वाटावं म्हणून काही बोलायची नाहीस. त्या वर्षी मला स्कॉलरशिप मिळाली. तुझा निकाल घरात कुणी मोठ्यानं वाचून दाखवला नाही, आणि पुढच्या वर्षी तू कॉलेजात गेली नाहीस. मी हे सगळं पाहिलं होतं. समोर बसून पाहिलं होतं. पण मी दिग्विजयात होतो.

हे कळल्यावर मी धड्यात शेवटी एक परिच्छेद घातला, की जे राष्ट्र पुढे जातं त्याच्यासाठी बहुधा कुणीतरी आधी बाजूला सरकलेलं असतं, आणि मोठ्या झालेल्यांच्या इतिहासात सहसा त्याची नोंद नसते. अनुस्वारबाईंनी तो वाचला. समासात प्रश्नचिन्ह काढलं नाही. एक अनुस्वार दुरुस्त केला आणि लिहिलं, "हे राहू द्या."

असो. पत्र लांबलं. ठरवल्याप्रमाणे टेबलाचा विषय काढला नाही, याची नोंद घ्यावी. भावोजींना नमस्कार सांग. हिचा तुम्हा दोघांना नमस्कार. अभ्यासात पत्र लिहायला वेळ नसेल तर लिहू नकोस, पण रागावली असल्यामुळे लिहीत नसशील तर तसं कळव.

तुझा,
धाकटा

ता. क. धडा समितीत मंजूर झाला. मी गोदामात गेलो नाही. फक्त शेवटचा परिच्छेद त्यांनी काढला, कारण त्यावर गुणांचा प्रश्न काढता येत नाही. त्या जागी पुन्हा कोळसा घातला आहे. खिडकीचं टेबल बाईंना परत देऊ केलं, तर त्या नको म्हणाल्या. एवढी मोठी सत्ता सोडून खिडकीत कोण बसेल.

ता. क. (दुसरा) रविवारी सकाळी टेम्पो येईल. पाय सोडवून वेगळे बांधले आहेत, खिळ्यांची पुडी खणात आहे. डाग उजव्या बाजूला येईल असं जोड, म्हणजे तुझी बाजू कुठली ते कळेल. 'हलवण्यातील अडचणी' या उपशीर्षकाखाली मी ज्या नऊ अडचणी लिहिल्या होत्या त्या टेम्पोवाल्याला वाचून दाखवल्या. तो म्हणाला, दोन माणसं लागतील. दुसरा माणूस मी आहे, त्यामुळे मीही टेम्पोतच येतो आहे. तुझ्या परीक्षेपर्यंत मला सुट्टीच्या दिवशी तिकडे येऊन बसू द्यावं, एवढी विनंती करायला हे सगळं पत्र लिहिलं. नववीच्या पुस्तकाचा धडा आला आहे आणि माझ्याकडे आता लिहायला टेबल नाही.

ता. क. (तिसरा) येताना खडूची पेटी आणतो. रेघ तू काढ, हवी तिथे काढ, मी वही सरकवणार नाही. फक्त डावीकडचा वीतभर कोपरा ठेव. शक्य असेल तर दीड वीत.